तटस्थ एक

सोमवारी सकाळी क्लीव्हलंडच्या पाणीपुरवठा खात्यात धर्मराज रामटेके भल्यामोठ्या टेबलावर नकाशा पसरून एका जुन्या जलवाहिनीवर पेन्सिलीनं खुणा करत होता, तेव्हा फोन वाजला आणि पलीकडून त्याचे घरमालक कारेल वाव्रा म्हणाले, "मिस्टर सेक्रेटरी, आज चार वाजता शाखेची तातडीची सभा. विषय एकच. शोकप्रस्ताव." धर्मराजनं विचारलं, "कोणाचा?" पलीकडे भांड्यात पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता. मग मतदारयादीतलं नाव वाचून दाखवावं तशा आवाजात वाव्रा म्हणाले, "लादिस्लाव वाव्रा. पिल्झेन. वय त्र्याहत्तर," आणि त्यांनी फोन ठेवला. धर्मराजच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. लादिस्लाव म्हणजे वाव्रांचा थोरला भाऊ. त्याला धर्मराजनं कधी पाहिलेलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. त्याची या माणसाशी ओळख एवढीच, की बरोब्बर आठवड्यापूर्वी, अकरा डिसेंबरला, कचेरीत येता येता त्यानं या माणसाच्या नावाचं पत्र पेटीत टाकलं होतं. पत्र त्यानंच टाइप केलं होतं, खाली सहीही त्याचीच होती. 'खेदाने कळवतो की' अशी त्याची सुरुवात होती. टाइप करताना त्याला खेदबीद काही झाला नव्हता. तसं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिलं होतं. आता मात्र तो खुर्ची ओढून बसला.

तीन वाजता रजा टाकून तो बसमध्ये चढला. बाहेर बर्फ तुडवून तुडवून राखाडी झालं होतं. ब्रॉडवेच्या दोन्ही बाजूंना एकेकाळी चेक लोकांची दुकानं होती म्हणतात. आता निम्म्यांना फळ्या ठोकल्या होत्या. वाव्रांच्या घराचा वरचा मजला धर्मराजनं भाड्यानं घेतला त्याला आठ वर्षं झाली, आणि तो चेकोस्लोव्हाक सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या, परागंदा झालेल्या पक्षाच्या, क्लीव्हलंड शाखेचा चिटणीस झाला त्याला सहा. नागपूरच्या इंदोऱ्यातला बौद्ध पोरगा चेक पक्षाचा चिटणीस कसा झाला, हे त्यानं आजवर कोणाला धड समजावून सांगितलं नव्हतं, कारण ते त्याला स्वतःलाच धड समजलं नव्हतं. शाखेत तीन म्हातारे उरले होते. त्यांतला एक त्र्याऐंशी साली गेला, आणि नियमाप्रमाणे गणसंख्या तीन. दोघांची सभा होत नाही. दोघांचं नुसतं भांडण होतं. मग एका रविवारी वाव्रा डोक्यावर हॅट घालून, टाय बांधून स्वतःच्याच घराचा जिना चढून वर आले, दारावर टकटक केली आणि हातातलं कोरं कार्ड पुढे करत म्हणाले, "तुमच्या वडिलांचा पक्ष होता असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. म्हणजे सभा कशी चालते ते तुम्हाला माहीत असेल." त्या हॅटकडे बघून धर्मराजला नाही म्हणवेना. सभा कशी चालते हे त्याला माहीत होतंच. सभा कशी मोडते हे त्याहून जास्त माहीत होतं. तीन तिघाडा काम बिघाडा, असं मनात म्हणत त्यानं सही केली.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाव्रांच्या स्वयंपाकघरात सभा. वाव्रा अध्यक्ष, निवृत्त शिंपी असलेले ह्रुश्का खजिनदार, धर्मराज चिटणीस. त्याच टेबलाशी त्याला त्या लांबच्या देशाचे पक्ष तोंडपाठ झाले. पन्नास साली म्हणे इथल्या बोहेमियन हॉलमध्ये चार टेबलं होती. एक सोशल डेमोक्रॅटांचं, कामगारांचं राज्य हवं पण मतपेटीतूनच, असं म्हणणाऱ्यांचं. दुसरं नॅशनल सोशालिस्टांचं. त्यांच्या नावावरून कोणी हिटलरची आठवण काढली तर ते हातघाईवर येत, कारण ते बिचारे सरळ मध्यमवर्गीय देशभक्त, त्यांचा पक्ष हिटलरच्याही आधीचा. तिसरं पीपल्स पार्टीचं, कॅथलिकांचं. चौथं शेतकरी पक्षाचं, ज्यांच्यावर युद्धानंतर मायदेशी बंदीच आली. त्यामुळे उरलेले तिघं त्यांच्याशी बोलत नसत. कम्युनिस्टांनी चौघांनाही देशोधडीला लावलं होतं, पण चौघांनी मिळून एक पत्रक काढायचं म्हटलं की स्वल्पविरामावरून अडे. तिकडे मायदेशी यांतल्या दोन पक्षांच्या पाट्या सरकारनं आघाडीत शोभेला टांगून ठेवल्या होत्या. सोशल डेमोक्रॅटांच्या नशिबी तेही नव्हतं. अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये त्यांचा अख्खा पक्ष कम्युनिस्ट पक्षात विलीन केला गेला. ज्यानं कागदावर सही केली त्याला नवं कार्ड, नोकरी शाबूत. ज्यानं केली नाही तो खाणीत, तुरुंगात, नाहीतर रात्रीचा जंगलातून सरहद्दीपार. वाव्रांनी सही केली नाही. त्यांच्या भावाला दोन लहान मुलं होती. त्यानं केली. ज्या भावानं अठराव्या वर्षी कारेलला हाताला धरून पक्षात आणलं, त्यानं. एकेचाळीस वर्षं वाव्रांनी त्याचं नाव घेतलं नाही. बोलायची वेळ आलीच, तर 'पिल्झेनचे ते माजी सभासद' म्हणत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं धर्मराजची आजी म्हणे, ते ऐकून त्याला पूर्वी हसू यायचं.

आणि मग एकोणनव्वदचा हा नोव्हेंबर आला. टीव्हीवर प्रागचा चौक माणसांनी भरून गेलेला, कम्युनिस्ट सरकारनं आता जावं म्हणून लोक हातात किल्ल्यांचे जुडगे धरून वाजवताहेत. दोघं म्हातारे सोफ्यावर शेजारी शेजारी बसून रडत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. त्यानंतर पंधराएक दिवसांनी लादिस्लावचं पत्र आलं. भावाच्या नावानं नव्हे, शाखेच्या नावानं. ह्रुश्कांनी ते वाचून त्याचं इंग्रजी करून सांगितलं. 'मी एकोणीसशे छत्तीसपासून पक्षाचा सभासद. जून अठ्ठेचाळीसमध्ये मी विलीनीकरणाच्या कागदावर सही केली. सत्तर साली, अडुसष्टमध्ये देशात घुसलेल्या रशियन रणगाड्यांना मदत म्हणायला मी तयार झालो नाही, म्हणून कम्युनिस्टांनीही मला काढून टाकलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एका बॉयलरमध्ये कोळसा घातला. आता आपला पक्ष पुन्हा उभा राहतो आहे. प्रागमध्ये मला कार्ड देतील, तिथे सगळ्यांना देताहेत. पण मला ते अशा कोणाच्या तरी हातून हवं आहे, ज्यानं सही केली नव्हती. माझी तब्येत बरी नसते, तरी कृपया लवकर कळवावं.' दहा तारखेच्या रविवारी ठराव मतदानाला आला. ह्रुश्का बाजूनं. वाव्रा विरोधात. मग दोघांनी मान वळवून चिटणिसाकडे पाहिलं. धर्मराजला आठवतं, त्या क्षणी त्याला फ्रिजची घरघर फार मोठी वाटली होती. बाजूनं हात वर केला तर म्हातारा स्वतःच्याच स्वयंपाकघरात हरणार. विरोधात केला तर तिकडचा म्हातारा मरेपर्यंत बाहेर. आणि हे घरचं प्रकरण, आपण उपरे. तो म्हणाला, "तटस्थ." म्हणताना आपण फार सभ्यपणा केला असं त्याला वाटलं. समसमान मतं झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक, असा नियम होता. ठराव फेटाळला गेला. त्यानं इतिवृत्तात लिहिलं, बाजूने एक, विरोधात एक, तटस्थ एक.

त्याच संध्याकाळी नंदाचा फोन आला होता. त्याची बायको नंदा गेल्या वर्षापासून मुलीला घेऊन कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होती. तिला तिथे चांगला जॉब मिळाला होता. भांडण असं काही नाही. जाताना तिनं विचारलं होतं, "तू पण ट्रान्सफर घेतोस का, का आपण असंच राहायचं?" आणि तो म्हणाला होता, "बघू या." वर्षभर तो बघतच होता. सभेची गोष्ट त्यानं तिला गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही. "म्हणजे तू ॲबस्टेन केलंस?" ती म्हणाली. "यार धर्मा, तो माणूस तिकडे वाट बघत बसलाय आणि तू ॲबस्टेन करतोस? टिपिकल. तुला वाटतं तू कोणाला हर्ट नाही केलंस. अरे, दोघांनाही करतोस." मागून दीपा विचारत होती, "इज दॅट बाबा? इज ही कमिंग फॉर ख्रिसमस?" नंदा फोनवर हात न ठेवताच म्हणाली, "बघू या, बेटा." बस एका खड्ड्यात आदळली आणि धर्मराजचं कपाळ खिडकीच्या गार काचेला लागलं.

तळ्यात की मळ्यात, असं कोणी विचारलं की त्याचे पाय जागच्या जागीच राहत. हे काही आजचं नव्हतं. इंदोऱ्यात बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ राजाराम मोठेबाबा एकाच घरात राहत. दोघंही मिलमध्ये कामाला, दोघांनी छप्पन साली एकाच दिवशी दीक्षा घेतलेली, दोघं मिळून रिपब्लिकन पक्षाची वस्तीतली शाखा चालवत. मोठेबाबा अध्यक्ष, बाबा चिटणीस. मग पक्ष फुटला. वर फुटला तो खालीपर्यंत फुटत आला, तडा गेलेल्या माठासारखा. काँग्रेसशी युती करायची की आपण आपल्या पायावर उभं राहायचं, कष्टकऱ्यांचा पक्ष करायचा की आपल्या माणसांचा, यावरून रात्ररात्र वाद. मोठेबाबा म्हणत, सत्तेत शिरल्याशिवाय पोराबाळांना काही मिळायचं नाही. बाबा म्हणत, ज्यांच्याशी लढायला बाबासाहेबांनी शिकवलं त्यांच्याच पंगतीला बसायचं का? एका सकाळी मोठेबाबांनी शाखेचं रजिस्टर उचललं आणि समोरच्या गल्लीत खोली घेऊन तिथे दुसरी शाखा काढली. पण पक्षाचा रबरी शिक्का बाबांकडे राहिला. आता गंमत बघा. रजिस्टर नाही म्हणून यांना सभासद करता येईना, आणि शिक्का नाही म्हणून त्यांना. दोन निळे झेंडे, दोन पाट्या, आणि वर्षभर वस्तीत एकही नवा सभासद नाही. धर्मराज तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो दोन्ही घरांत जेवायचा. मोठेबाबा त्याच्या ताटात भाकरी टाकत हळूच विचारत, "बापानं शिक्का कुठी ठेवला रे?" इकडे बाबा विचारत, "त्याइनं रजिस्टर कुठी ठेवलं, पाह्यलं का तू?" त्याला दोन्ही माहीत होतं. शिक्का पिठाच्या डब्यात होता आणि रजिस्टर मोठेबाबांच्या गादीखाली. तो दोघांनाही सांगे, "मले नाही माहीत." दोघंही मनातून खूश होत, की पोरगा चुगलखोर नाही. दोघांनीही त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. नाहीतरी त्या घरात एवढा एकच ठराव कधी एकमतानं पास झाला होता. पण एकदा तरी, एकाला तरी, त्यानं सांगितलं असतं तर? शिक्का आणि रजिस्टर एका टेबलावर आले असते तर? भांडण पुरतं होऊन संपलं असतं कदाचित. आपण ते झाकून ठेवलं आणि झाकल्या जागी ते नासलं, हे कळायला त्याला चाळिशी ओलांडावी लागली.

शहाऐंशी साली बाबांचं पत्र आलं होतं. निळं आंतरदेशीय असावं तसं ते पातळ विमानपत्र, बाबांचं मोठं, मिलच्या पाळीवर सह्या करून करून ठाशीव झालेलं अक्षर. 'भाऊ फार आजारी आहे. दवाखान्यात ठेवलं आहे. त्यानं बोलावणं धाडलेलं नाही, पण त्याच्या सुनेनं निरोप दिला. पंचवीस वर्षांनी कोणत्या तोंडानं जावं समजत नाही. गेलो तर आपल्या गटातले लोक काय म्हणतील तेही आहे. तू शिकलेला, तू दोघांचा. तू सांग, जाऊ की नको.' धर्मराजनं ते पत्र तीनदा वाचलं होतं. मग त्यानं उत्तर लिहिलं, 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करावं.' बाबांना ते योग्य काय ते वाटेपर्यंत मोठेबाबा गेले. त्यानंतर बाबांची पत्रं येत राहिली, पाऊसपाणी कळवणारी, कोणाचं लग्न ठरलं ते सांगणारी. पण त्या दिवसापासून बाबांनी त्याला कोणत्याही पत्रात एकही प्रश्न विचारला नाही. हे त्याच्या लक्षात यायला वर्ष लागलं होतं, आणि लक्षात आल्यावर त्यानं त्याबद्दलही काही केलं नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना तो स्वयंपाकघरात शिरला. ह्रुश्का कोट न काढता बसले होते. वाव्रांनी टाय बांधला होता, टेबलावर पक्षाचा हातभर लाल झेंडा, इतिवृत्ताची वही, घंटा. त्यांचे डोळे कोरडे होते आणि दाढी करताना हनुवटी कापली होती. भावाच्या मुलीचा सकाळी पिल्झेनहून फोन आला होता, त्यांनी सांगितलं. शनिवारी झोपेत गेला. बुधवारी दफन. "ती म्हणाली, बाबा रोज खाली जाऊन पत्रांची पेटी बघत. तुमचं पत्र अजून आलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी घंटा वाजवली, उभे राहिले आणि हातातल्या कागदावरून वाचू लागले, "क्लीव्हलंड शाखा आपले सभासद..." तिथे ते थांबले. पुन्हा वाचलं, "आपले सभासद..." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "नियम चौदा."

धर्मराजला नियम चौदा पाठ होता. सहा वर्षांपूर्वी सगळे नियम त्यानंच नव्यानं टाइप केले होते. 'शोकप्रस्ताव केवळ सभासदांसाठीच मांडता येईल.' एक्कावन्न साली कोणीतरी कॅथलिकांच्या टेबलावरच्या एका मयताला श्रद्धांजली वाहायचं काढलं, तेव्हा खुद्द वाव्रांनीच आग्रह धरून तो घातला होता.

"मला हा ठराव मांडता येत नाही," वाव्रा म्हणाले. "सभा तहकूब."

"कारेल," ह्रुश्का म्हणाले, "अरे, तो तुझा भाऊ होता."

"त्यालाही मी ओळखतो आणि नियमालाही." पण ते खाली बसेनात. टेबलाची कड धरून उभेच राहिले. आणि धर्मराजनं पाहिलं, की त्या माणसाला रडायचं आहे आणि रडायला त्याच्याकडे दुसरी जागा नाही. बायको नाही, मूल नाही, देव तर त्यांनी विसाव्या वर्षीच सोडला. होती ती एवढी एक सभा, आणि तिचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. कुठी ठेवला रे, कोणीतरी धर्मराजच्या कानाशी विचारत होतं. हळू आवाजात, भाकरी टाकत.

"मला एक ठराव मांडायचाय," तो म्हणाला. सहा वर्षांत त्यानं पहिल्यांदा हे वाक्य उच्चारलं होतं. "लादिस्लाव वाव्रांना सभासद करून घ्यावं. हयात नसलेल्या माणसाला करू नये, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. आणि ते दहा तारखेपासून लागू करावं. पिल्झेनला आत्ताच तार करू. आपलं पत्र पोचायच्या आधी ती पोचेल. निदान पुरताना त्यांच्या लोकांना कळेल, की..."

वाव्रांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "मिस्टर सेक्रेटरी, हे तुम्ही दहा तारखेला का केलं नाही?"

तुम्ही दुखावला असतात, हे उत्तर त्याच्या ओठांवर आलं आणि ते किती भिकार आहे हे त्याला तिथेच कळलं. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते इतिवृत्तात घ्या," वाव्रा म्हणाले. "आणि माझंही घ्या." ह्रुश्का टेबलाकडे बघत होते. "पण तारीख आजची. मागची तारीख नाही. मागच्या तारखा घालायचं काम आम्हाला ज्यांनी विलीन केलं त्यांचं होतं. दहा तारखेला आपण त्याला नाही म्हटलं, ते पान तसंच राहील."

ठराव मतदानाला टाकला. ह्रुश्कांचा हात आधीच वर होता. धर्मराजनं आपला वर केला. वाव्रांचा हात सावकाश वर गेला आणि मोजणी होऊन गेली तरी तो खाली येईना. तेव्हा ह्रुश्कांनी उठून तो हलकेच धरला आणि टेबलावर आणून ठेवला. मग म्हातारा रडला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोर आईला हाक मारतं तसा "लाद्या, लाद्या" म्हणत. धर्मराजला ती हाक अगदी आपल्या वस्तीतली वाटली.

तारेचा मजकूर धर्मराजनंच फोनवरून सांगितला. 'शाखेने एकमताने सभासद करून घेतले. शोक.' तारऑफिसातल्या मुलीनं विचारलं, खाली कोणाचं नाव घालू? तो 'चिटणीस' म्हणणार होता. वाव्रांनी रुमालातून मान वर केली आणि म्हणाले, "भाऊ. फक्त भाऊ घाला."

अंधार पडता पडता तो वर आला. पत्र अजून वाटेत होतं, कुठल्यातरी विमानतळावर, कुठल्यातरी पोत्यात, त्याच्या सहीसकट. ते काही परत बोलावता येणार नव्हतं. तार पुढे जाईल की पत्र, हेही कळायला मार्ग नव्हता. त्यानं कोट काढला नाही. खणातून विमानपत्र काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'प्रिय बाबा, सप्रेम जयभीम. शहाऐंशी साली तुम्ही मला विचारलं होतं, भावाकडे जाऊ की नको. त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. उत्तर असं की, जा.' ते त्यानं वाचून पाहिलं. या उत्तराचा आता कोणालाही काडीचा उपयोग नव्हता. बाबा चष्मा पुसून ते पुन्हा वाचतील, घडी करून खिशात ठेवतील, आणि कदाचित चिडतीलही. चिडू देत. त्याला हुंदका आला, तो त्यानं अडवला नाही. मग त्यानं वर कोपऱ्यात तारीख घातली. आजचीच घातली.